पोत्याला कंबर नसते

आता मी मागं बसतो. मुलगी स्कूटर चालवते आणि मी मागं, मांडीवर भाजीची पिशवी नाहीतर दवाखान्याची फाईल धरून. चंद्रपुरातल्या आमच्या गल्लीत सात गतिरोधक आहेत. सरकारनं एकही घातलेला नाही, ज्याच्या दारापुढं लेकरू खेळत होतं त्यानं आपला आपण घालून घेतला. प्रत्येकावर मुलगी विचारते, "बाबा, बरे बसले ना?" आणि मी म्हणतो, "मजेत." कमरेतून कळ मस्तकात गेलेली असते, पण मजेत. मागं बसणाऱ्यानं खोटं बोलायचं, हा आमच्या घरचा जुनाच रिवाज आहे. तो माझ्या आईनं पाडला, आणि तो मोडायला गेलो तेव्हा माझी काय फजिती झाली ते एकदा लिहून टाकावं म्हणतो. फार दिवस अंगावर बाळगलं. आता थकलो.

आई नर्स होती. मुलचेऱ्याकडच्या एका गावात उपकेंद्र होतं, त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. पुढच्या खोलीत बाळंतपणाचं टेबल, मागच्या खोल्यांत आमचा संसार, आणि मध्ये हिरवा पडदा. गावाच्या एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, त्यापलीकडं सरकारनं वसवलेली बंगाली निर्वासितांची गावं. आईकडं सहा गावं होती. लोक तिला नर्सबाई म्हणत, बंगाली लोक दीदी म्हणत, आणि बाबा तिला "ओ सरकार" म्हणत. बाबा पूर्वी सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे नेले. उजेड आणि अंधार कळे, माणसाचा आकार कळे, बाकी सगळं कानानं. नोकरी गेली तेव्हा ते आठ दिवस भिंतीकडं तोंड करून पडले होते म्हणे. नवव्या दिवशी उठले, स्टोव्हला पंप मारला आणि स्वयंपाक आपल्याकडं घेतला. त्यांना कोणी बायकी कामं करतो म्हटलं की ते म्हणत, "मंग तू ये खायले, पोट तं मर्दानी हाये ना तुयं?"

स्टोव्ह दोन होते. एकावर भात, दुसऱ्यावर सुया. तेव्हा काचेच्या सिरिंजा आणि सुया घरीच उकळाव्या लागत. पहाटे डोळा उघडायच्या आधी तोच आवाज कानात यायचा, उकळत्या पाण्यात सुया भांड्याच्या तळाला लागून किणकिणत. त्याच्या जोडीला भाताच्या झाकणाची थडथड. बाबा दोन्हीला कान लावून मधे बसलेले असत आणि कोणतं शिजलं ते न पाहता सांगत. एकदा त्यांनी लाखोळीचं वरण सुयांच्या भांड्यात शिजवलं. आईनं वरण फेकलं, भांडं तीनदा घासलं, सुया पुन्हा उकळल्या आणि त्या दिवशी आम्ही भात नुसत्या जवसाच्या चटणीशी खाल्ला. बाबा म्हणाले, "वरण निर्जंतुक होतं ओ सरकार, खाऊन तं पाहाचं होतं." आई हसली नाही. पण पडद्याआड जाऊन हसली, ते मी पाहिलं.

आणि मी? मी बारावीत दोनदा नापास झालो होतो. गावात माझ्याएवढं शिकलेलं दुसरं पोरगं नव्हतं, आणि माझ्याएवढं निकामीही. पहिल्यांदा नापास झालो तेव्हा आई म्हणाली, पुन्हा बस. दुसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही, आणि ते जास्त लागलं. मग एक दिवस तिनं बाबांच्या फटफटीची चावी माझ्यापुढं ठेवली. ती बाबांनी धडधाकट असताना घेतलेली, हलकीशी, दोन स्ट्रोकची गाडी. "सहा गावं आता मले पायी नाई होत, बाबू," ती म्हणाली. "तू नेशीन काय?" मी नेऊ लागलो. आई एकबाजूनं बसे, पदर कमरेला खोचलेला, मांडीवर लसीचा बर्फाचा डबा, खांद्याला पिशवी. मी तिला गावोगाव नेतो, ही माझी वीस वर्षांच्या आयुष्यातली पहिली नोकरी, आणि ती मला आईनंच दिली होती.

तिची कंबर तेव्हाही काही चांगली नव्हती. बाळंतपणं वाकून वाकून झालेली, त्याआधी कित्येक वर्षं पायी तंगडतोड. बाबांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हे पाह्य लेका, माहे डोळे गेले तं घर चाललं. तुयी बारावी गेली तरी घर चालून राह्यलं. तिची कंबर गेली ना, तं आपण तिघंही बसलो. हे क्वार्टर नोकरीचं हाये, तुह्या माह्या नावाचं नाई." मला ते पाठ झालं होतं.

पावसाळा उतरला आणि गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप बसले. आधी बाबांना कळलं. आम्ही दारात येऊन थांबलो तर ते आतूनच ओरडले, "मागचे शॉकअप गेले बे! कवाचा ठकठक आवाज येऊन राह्यला, तुले ऐकू नाई आलं?" पाहिलं तर दोन्हींतून तेल गळून चाकापर्यंत ओघळलेलं. खड्डा आला की लोखंडावर लोखंड आपटे, ठक्क. दर ठक्कला आईचा डबा उडे आणि ती डबा आधी सावरी, स्वतःला मग. मी एसटीनं चंद्रपूरला गेलो. तीन दुकानं पालथी घातली. एकानं सांगितलं की या गाडीचं हे सामान येणंच बंद झालं, दुसरी गाडी घे. जसं काही मी हट्टानं तीच घेऊन बसलो होतो! तसाच रिकाम्या हातानं परत आलो. एसटीच्या मागच्या सीटवर आदळत आलो आणि तरी डोक्यात काही शिरलं नाही.

उपाय सांगितला निताईदानं. निताईदा म्हणजे पलीकडच्या बंगाली गावातला मेकॅनिक. धानाची मळणी करायचं यंत्र, पंप, सायकल, फटफटी, सगळं एकाच पान्यानं दुरुस्त करणारा माणूस. झोपडीपुढं एक आंब्याचं झाड होतं, तेच त्याचं गॅरेज. फांदीला साखळी बांधलेली, तिला गाडी टांगायची. त्याच्या बोलण्यात बंगाली, हिंदी आणि आपली झाडीबोली अशी मिसळ झालेली. त्यानं शॉकअप पाहिले, चुक् चुक् केलं आणि झोपडीत जाऊन एक जोडी घेऊन आला. मोठ्या, जड गाडीचे शॉकअप. ती गाडी कुठल्याशा नाल्यात पडून भंगारात गेली होती. "दुसरा गाडीचा आहे," तो म्हणाला. "पण बसेल. मी बसवणार. ना बसेल तो मेरा नाम बदलून टाक."

दोन दिवस लागले. शॉकअप बोटभर लांब होते आणि वरच्या-खालच्या कड्यांची भोकं मोठी. निताईदानं जुन्या पंपाच्या नळीचे तुकडे कापून त्यांचे भोकांत बसतील असे बुश केले, कानस मारून मारून बेतात आणले. मी त्याच्या शेजारी बसून कानस धरली, ग्रीस लावलं, हाताला फोड आले. मागचं चाक धरणारा चिमटा दाबून धरायला मी लटकलो आणि त्यानं बोल्ट घातला. गाडी मागून उंच झाली, रागावलेल्या मांजरासारखी. साईड स्टँड पुरेना, तेव्हा त्याखाली ठेवायला सागाचा एक ठोकळा केला. तो ठोकळा पुढच्या पावसाळ्यापर्यंत माझ्या पिशवीत होता. पण काम झालं. माझ्या हातानं झालं. आयुष्यात पहिल्यांदा मला काही जमलं होतं आणि मी त्या गाडीभोवती गोल गोल फिरत होतो.

आता तपासायची कशी, तर त्या भागात सगळे तपासत तशीच. धानाच्या भागात फटफटी घेतात ती धान वाहायला. मागच्या सीटवर पोतं आडवं टाकायचं, दोरीनं आवळायचं आणि गिरणीला जायचं. म्हणून गाडी दुरुस्त झाली की निताईदा तिच्यावर भरलेलं पोतं बांधूनच चक्कर मारायला लावी. पोतं धरलं तर गाडी पास. त्यानं शॉकअपच्या खालच्या खाचा फिरवून स्प्रिंग सगळ्यात कडक केली, पोतं बांधलं आणि मला म्हणाला, "जा, नाल्यातून घेऊन ये." मी गेलो. वा रे वा, काय गाडी चालली! नाल्याच्या दगडांवरून लोण्यासारखी. ठक्क नाही, ठुक्क नाही. घरी आणली तर बाबांनी तिला पुढं-मागं ढकलायला लावलं, कान लावला आणि म्हणाले, "आवाज एकदम बंद. शाब्बास बे पोट्ट्या." आई दारात हात पुसत उभी होती. तिनं माझ्या फोड आलेल्या हातांकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दोन्ही निकालांच्या दिवशी मी शोधत होतो.

दुसऱ्या दिवसापासून तिला घेऊन निघालो. संध्याकाळी विचारलं, "कशी वाटली गाडी?" ती म्हणाली, "मस्त. पाळण्यात बसल्यावानी." झालं, माझं समाधान झालं.

दिवाळी झाली, धान कापून झाला, थंडी पडली. आईला एक नवीन सवय लागली. नाला आला की म्हणायची, "थांब बाबू, पायाले मुंग्या आल्या, उलीसं चालते." उतरायची, नाला पायी पार करायची, पलीकडं पुन्हा बसायची. मग नाल्याशिवायही उतरू लागली. कधी म्हणे आवळे पाहते, कधी म्हणे उन्हात बरं वाटते. मी कुरकुर करी. "आई, बर्फ वितळून राह्यला! तू काऊन सारखी उतरतं?" ती म्हणे, "चाल तू, आलीच मी." मी पुढं जाऊन गाडी ठोकळ्यावर उभी करून वाट पाहत बसायचो आणि मनात म्हणायचो, म्हाताऱ्या बायकांचं असंच. म्हातारी! पन्नाशीचीही नव्हती ती. घरी आल्यावर ती जेवण झालं की लगेच जमिनीवर उताणी पडे, आणि बाबा तिच्या कमरेला टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल चोळत. घरभर त्याचा उग्र वास. मला वाटे, वय झालं, काम जास्त आहे. आज मुलगी माझ्या फाईली घेऊन धावते तेव्हा वाटतं, ही पोरगी माझ्यापेक्षा शहाणी आहे. निदान विचारते तरी.

मग एक दिवस माझ्या उजव्या पायात बांबूचा खुंट घुसला. जंगलातून जळण आणायला गेलो होतो, चप्पल फाडून आत गेला. पाय टम्म सुजला. किक मारता येईना, ब्रेक दाबता येईना. आणि दुसऱ्या दिवशी लसीचा वार. डबा आणायला मोठ्या दवाखान्यात जायचं होतं. आई म्हणाली, "मी चालत जाते." बाबा म्हणाले, "जाऊन पाह्य फक्त!" शेवटी निताईदाला निरोप धाडला. तो आला आणि म्हणाला, "दीदी तुमी बसा घरी, मी भाईला घेऊन जातो. डबा तो पकडेल, पायाला पट्टी पण होऊन जाईल." अशा रीतीनं, त्या गाडीचे शॉकअप बदलल्याला चार महिने होऊन गेल्यावर, मी पहिल्यांदा तिच्या मागच्या सीटवर बसलो.

जाताना काही बोललो नाही. वाटलं, निताईदाच बेताल चालवतो. येताना मांडीवर बर्फाचा डबा होता, दोन्ही हात त्याच्यात गुंतलेले. पहिला खड्डा आला आणि मला कोणी खालून उलट्या कुऱ्हाडीनं मारलं असं वाटलं. दात दातांवर आपटले. दुसरा, तिसरा. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, तो पायावर भार देऊन अंग उचलून घेतो. मागच्याला खड्डा दिसत नाही, नुसता लागतो. आणि मी तर दोन्हीकडं पाय टाकून बसलो होतो, आई एकबाजूनं बसायची, कंबर पिळून. नाला दिसला आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "निताईदा, थांब. मी चालत येतो."

ते बोललो, खाली उतरलो आणि तिथंच उभा राहिलो. सुजलेल्या पायावर, डबा कवटाळून. हे वाक्य मी रोज ऐकत होतो. रोज त्याच्यावर कुरकुरत होतो. निताईदा गाडी बंद करून मागं आला. मी म्हटलं, "निताईदा, ही गाडी दगड हाये. मागं दगड हाये नुसता." त्यानं सीट दाबून पाहिली, मग स्वतः मागं बसून दोनदा आपटून पाहिलं. मग म्हणाला, "पोता एक क्विंटल होता रे. दीदी कितनी? चाळीस किलो पण नाही. स्प्रिंग दबतच नाही तिच्या वजनानं." आणि खाली मान घालून, "पोता काही बोलला नाही ना. पोत्याला कंबर नसते."

त्यानं तिथंच नाल्यात बसून, दगड आणि छिन्नी लावून, स्प्रिंगच्या खाचा सगळ्यात हलक्या केल्या. थोडा फरक पडला. थोडाच. जड गाडीचा शॉकअप तो, कितीही सैल केला तरी हलक्या माणसाला कशाला ओळखणार?

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आई सुया उकळायला ठेवत होती. मी डबा खाली ठेवला आणि बोलायच्या ऐवजी ओरडलोच. "पाळण्यात बसल्यावानी वाटते काय? चार महिने! चार महिने तू त्या दगडावर बसून राह्यली! तोंड नाई तुले? सांगाले काय होत होतं?" बाबा स्टोव्हजवळ होते, त्यांनी पंप मारायचा थांबवला. आईनं एकेक सुई भांड्यात टाकली. सगळ्या टाकून झाल्यावर म्हणाली, "आधीच्या ठक्कठक्कीनंही दुखतच होतं."

"तं मंग सांगाचं ना!"

"काय सांगू?" ती म्हणाली. "दोनदा नापास झालेल्या पोट्ट्यानं एक काम आपल्या हातानं केलं. हाताले फोड आले होते तुह्या. त्यातही नापास करू काय तुले?"

मी बाबांकडं वळलो. "तुमाले माहीत होतं?" बाबा म्हणाले, "मले दिसत नाई, पण झोपेत कण्हलेलं ऐकू येते ना लेका. तिनं शपथ घातली होती." मी रडलो. वीस वर्षांचा घोडा, सुया उकळत होत्या त्या स्टोव्हपुढं बसून रडलो. आईनं डोक्यावर हात ठेवला आणि मला हसवायला म्हणून म्हणाली, "अरे, एवढं काई नाई. तू पुढं पाहत राहे, मी मागं. तोंड वाकडं करता येत होतं मले पाह्यजे तेवढं. कधी जीभ काढू, कधी तुले शिव्या देऊ. कोणी पाहाले नव्हतं. तेवढ्यानं निभून जाये."

मी काय करावं? जे तरुण माणूस करतो तेच केलं. माझ्या डोक्यानं घेतलं की सगळा घोळ मला दिसत नव्हतं म्हणून झाला. गाडीला आरसा नव्हता. मी निताईदाकडून एक आरसा आणला, डाव्या दांडीवर बसवला आणि असा फिरवला की त्यात रस्ता नाही, आईचा चेहरा दिसावा. तिला सांगितलं, "आता लपवता येणार नाई. तुह्या तोंडावर जरा काही आलं की मी गाडी हळू करीन." मला वाटलं, मी फार मोठं काम केलं. सीटवर जुन्या गोधडीची घडी टाकली, खाचा हलक्या होत्याच, गाडीही बैलगाडीच्या चालीनं हाकू लागलो.

आठ दिवस मी आरशात पाहत राहिलो. आईचा चेहरा एकदम शांत. खड्डा येवो, नाला येवो, भुवईसुद्धा हलत नव्हती. उतरायचंही तिनं बंद केलं. मी खूश. घरी येऊन बाबांना सांगितलं, "आता बरं हाये तिले, तोंडावर काहीच येत नाई." बाबा वांगं चिरत होते. ते म्हणाले, "काल झोपेत जास्त कण्हली. तू आरसा लावला म्हणतं ना? मंग बाई दिवसभर फोटोले बसल्यावानी बसत असन. आधी कण्हाले रस्ता तरी होता तिले."

मी बाहेर गेलो, पाना घेतला आणि आरसा काढून टाकला. आई दारातून पाहत होती. दुसऱ्या दिवशी पहिल्याच नाल्याला माझ्या पाठीमागून आवाज आला, "थांब बाबू, पायाले मुंग्या आल्या." मी थांबलो, तिच्या हातून डबा घेतला आणि गाडी ढकलत तिच्याबरोबर नाला पायी पार केला. पुढं दर नाल्याला असंच. पुढल्या पावसाळ्याच्या तोंडावर निताईदाला कुठूनतरी आमच्याच गाडीचे जुने शॉकअप सापडले आणि ते बसवले, पण तोवर तिच्या कमरेचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. नोकरी तिनं पुरी केली. शेवटपर्यंत केली. निवृत्तीनंतर मात्र उताणी पडल्याशिवाय तिला कधी झोप लागली नाही, आणि गेली तेव्हाही तशीच झोपलेली होती.

परवा दवाखान्यातून येताना गल्लीतल्या तिसऱ्या गतिरोधकावर मुलीनं विचारलं, "बाबा, बरे बसले ना?" मी म्हटलं, "मजेत." ती म्हणाली, "खोटं. मला आरशात दिसतंय तुमचं तोंड." स्कूटरच्या डाव्या आरशात तिचे डोळे माझ्यावर रोखलेले होते. अजून चार गतिरोधक बाकी होते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बेटा, तो आरसा जरा रस्त्याकडं फिरव."